वातुलोआच्या दोन रेघा

नौसोरी,
शनिवार, दुपार

प्रिय दोरसामी,

अक्षर ओळखलं नसेल तर आधी शेवटची सही वाच आणि मग ठरव, पुढे वाचायचं की नाही. पत्ता तुझ्या पुतण्याकडून घेतला. बाजारातलं दुकान तो अजून चालवतो. त्याने मला आधी नखशिखांत न्याहाळलं आणि मग कशाला हवा म्हणून विचारलं. मी म्हटलं, विमानाचं काम आहे. ते खोटं नाही. बत्तीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय, तर त्याचं कारणही लिहायला हवं; पण ते इतक्यात लिहिता येणार नाही. मला माझ्या क्रमाने जाऊ दे. माझ्या क्रमाला तू पूर्वीही हसायचास.

मी आता रेवा नदीच्या काठी राहते, धावपट्टीच्या अगदी टोकाला. दुपारी जेवून चटईवर पडलं की वाऱ्याने पडदा फुगतो आणि बसतो, नदीवरून कुणाच्या तरी होडीचं इंजिन लांब लांब जातं, आणि मग डोक्यावरून आपल्या कंपनीच्या दोन विमानांतली थोरली जाते. तिच्यानंतर तासाभराने धाकटी. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या जागेत माझी बोटं चटईवर रेघा ओढत असतात. निवृत्त होऊन साडेपाच महिने झाले. बोटांना ते कुणी कळवलेलं नाही. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. कधी कधी वाटतं, मी अजून ऑफिसात त्या कार्डांसमोरच बसले आहे आणि हे घर, ही चटई, हे पांढरे केस, हे सगळं फक्त जेवणाच्या सुट्टीत पडलेलं स्वप्न आहे.

गेले दोन महिने मात्र धाकटी जात नाही. ती वातुलोआ बेटावर पडून आहे. सकाळच्या फेरीला उतरताना तिचा डावा पाय, चाकाचा, मुळातून मोडला. ती गवतावर घसरत गेली आणि थांबली. लोक सांगतात, एका गुडघ्यावर बसल्यासारखी दिसत होती, चर्चमध्ये शिरताना आपण टेकतो तशी. आत सहा माणसं होती. पाच जण चालत बाहेर आले. सहावे शाळेचे जुने गुरुजी. त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते अजून हात गळ्यात बांधून फिरतात. गावाने पहिलं काय केलं असेल? नारळाच्या झावळ्या विणून विमानावर सावली घातली. ऊन लागेल म्हणून.

आणि आता येत्या गुरुवारी चौकशी समिती बसणार आहे. त्यात ठरेल की अकानिसीला काढायचं आणि तिचा परवाना रद्द करायचा. अकानिसी म्हणजे विमानांच्या तपासण्यांच्या नोंदी ठेवायला माझ्या खुर्चीवर बसलेली मुलगी. कादावू बेटावरची. अठ्ठावीस वर्षांची. पाच वर्षं माझ्या हाताखाली होती. रक्ताचं नातं काही नाही, पण तिला आत्या नाही, म्हणून मला नेई म्हणते. परवाना गेला तर या देशातल्या कुठल्याही हँगरात तिला कुणी झाडूही हातात देणार नाही. माझ्या डोक्यात संताप आहे, दोरसामी, आणि तो कुणावर काढावा याचा मी दोन महिने शोध घेतेय.

पहिल्यांदा तो मी त्या ब्रिस्बेनहून आलेल्या दोन पोरांवर काढला. कंपनीने सॉफ्टवेअर घेतलं, ते बसवायला ती आली होती. चकचकीत बूट, आणि दोघांचा मिळून अनुभव माझ्या एका पेन्सिलीएवढा. त्यांनी माझा फळा पाहिला. तो तुला आठवतो, बारा महिन्यांचे बारा रकाने, प्रत्येकात खिळे, खिळ्यांवर कार्डं. त्यांनी त्याचे फोटो काढले, मेलेल्या माशाचे काढावेत तसे. एक जण मला म्हणाला, आता विसरणं बंद. मी सदतीस वर्षांत काय विसरले ते त्याला विचारलं. तो गोड हसला. मला राग आला की समोरच्याने गोड हसू नये.

पण खरं सांगते, आणि हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही: ते सॉफ्टवेअर सुंदर आहे. अकानिसीने मला शेवटच्या महिन्यात ते दाखवलं. प्रत्येक कामाला तीन घड्याळं लावलेली असतात. एक उड्डाणाच्या तासांचं, एक उतरण्यांचं, एक तारखांचं. जे आधी वाजेल ते खरं. काम लांब असेल तर ओळ हिरवी, जवळ आलं की पिवळी, उलटून गेलं की लाल. केलं, सही केली, की ओळ पडद्यावरून सरकते आणि आपल्याच पायांनी पुढच्या पाळीला जाऊन बसते. तेल, गाळण्या, दोऱ्या, पंखे, खाऱ्या हवेनंतरची गोड्या पाण्याची धुणी. सगळं जातं आणि सगळं परत येतं. मला लेवुकाचं कॉन्व्हेंट आठवलं. सिस्टर ऑगस्टा भिंतीवर वर्षभराच्या सणांचं चक्र लावायच्या, जांभळा रंग, पांढरा, हिरवा, आणि म्हणायच्या की देवाच्या घरी काहीही एकदाच होत नाही. तू माझ्या फळ्यासमोर चहाचा कप घेऊन उभा राहायचास, चित्र बघावं तसा. एकदा म्हणालास, "लोसेना, तुझ्याकडे काही संपतच नाही." मी म्हटलं, संपलं तर विमान पडेल. तू हसलास. त्या हसण्याचं मी त्या दिवशी काहीच केलं नाही, आणि पुढेही नाही.

आता वातुलोआचं बोलू.

चौऱ्याऐंशी साल होतं. मी जेमतेम बावीस वर्षांची, जिभेला धार तेव्हाही होती. तू तुझी वैमानिकाची नोंदवही टेबलावर ठेवलीस आणि सांगितलंस की वातुलोआला उतरलो की पायाच्या कार्डावर एक नाही, दोन रेघा ओढ. मी म्हटलं, वहीत एक आणि कार्डावर दोन, असला खोटेपणा मला शिकवलेला नाही. त्या पायाची तपासणी हजार उतरण्यांनी करायची असं बनवणाऱ्याने पुस्तकात लिहिलंय. हजार म्हणजे हजार. तू वाद घातला नाहीस. "मग ये आणि बघ," म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला उजवीकडच्या सीटवर बसवलंस. मागे डालोच्या कंदांची पोती, एक शिवणयंत्र, आणि एक बाई पूर्ण वेळ भजन म्हणत होती.

ते मी किती वेळा पुन्हा पाहिलं असेल. समुद्र आधी निळा, मग हिरवा, मग एकदम खडकांचा पांढरा काठ, आणि मग गवत. चाकं टेकली. हाडांपर्यंत धक्का गेला. आणि लगेच ती टेकडी, धावपट्टीच्या मधोमध आलेलं ते कुबड, ज्याला गावकरी देवाच्या मावशीची पाठ म्हणतात. तिने आपल्याला वर फेकलं. इंजिनांचा आवाज कुठेतरी गेला. भजनवाली बाई थांबली. आपण हवेत होतो, अर्धा श्वासभर, आणि तुझा हात आडवा माझ्यासमोर आला होता, मला मागे दाबून धरणारा, घरच्या माणसाला धरावं तसा. मग दुसरा धक्का. गवत, धूळ, पळत येणारी मुलं. तू हात काढून घेतलास आणि म्हणालास, "मोज." मी म्हटलं, "दोन." एवढंच. परतीच्या वाटेवर आपण हवामानाबद्दल बोललो.

त्या संध्याकाळी मी कार्डावर दोन रेघा ओढल्या. आणि पस्तीस वर्षं ओढत राहिले.

तेही फुकट नव्हतं. तपासणीला आपण पायाच्या मुळाशी तो लाल रंग लावतो, पुसतो, वर पांढरी भुकटी मारतो, आणि भेग असेल तर लाल रेघ आपोआप वर येते. माझ्या मोजणीने दोनदा अशी रेघ आली, केसाएवढी, आणि दोन्ही वेळा पाय वेळेत बदलला. सगळे म्हणाले लोसेनाचा हात शुभ आहे. मी म्हटलं, हो, आहे. कारण कुणाला सांगितलं नाही. ते कारण तुझं होतं. त्या अर्ध्या श्वासाची नोंद माझ्याजवळ दुसरी कुठलीच नव्हती; फोटो नाही, पत्र नाही. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात लष्कराने सरकार उलथलं आणि त्यानंतर तुमच्या कितीतरी लोकांसारखा तूही देश सोडून गेलास, तेव्हा फाटकावर शिपाई उभे होते. तू वही परत करायला ऑफिसात आलास, फळ्यावरचं एक तिरकं झालेलं कार्ड सरळ केलंस आणि म्हणालास की दोन रेघा चालू ठेव. मी ठेवल्या. माझं जोनेशी लग्न झालं. तो चांगला माणूस होता, नऊ वर्षांपूर्वी गेला, त्याच्याबद्दल या पत्रात एक वाकडा शब्द येणार नाही. पण रेघा चालू राहिल्या. आधी थोरली तिथे जायची, मग धाकटी रोज जायला लागली, आणि रोज संध्याकाळी पेन्सिल दोनदा खाली यायची. त्या दोन रेघांच्या मधे थोडीशी जागा सुटायची. मी ती मुद्दाम सोडायची.

सिस्टर ऑगस्टा आम्हाला पापनिवेदनाला पाठवायच्या आधी बजावायच्या: केलेल्या पापांची यादी सोपी असते मुलींनो, करायला हवं होतं आणि केलं नाही, त्याची करून आणा. तर ही घे माझी यादी.

निवृत्तीनंतर तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, मी नारळ खवत बसले होते आणि अकानिसीचा फोन आला. कार्डांवरचे आकडे ती सॉफ्टवेअरमध्ये चढवत होती आणि प्रत्येक आकडा वैमानिकांच्या वहीशी ताडून पाहत होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी शिकवलं होतं. ती हळूच म्हणाली, "नेई, धाकटीच्या पायाच्या कार्डावर सहाशे चाळीस आहेत. वहीत चारशे सत्तर होतात. मी तीनदा मोजलं. माझंच काही चुकतंय का?" मागे ऑफिसातली माणसं हसत होती, फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलेला होता. तेविताचा आवाज मी ओळखला. तो तुला आठवेल, माझ्या मामाचा मुलगा, आता मुख्य इंजिनिअर आहे. आमचं नातंच टोमण्यांचं, तो मला सोडत नाही आणि मी त्याला. तो ओरडून म्हणाला की म्हातारीच्या कार्डावर झुरळांनी पण रेघा ओढल्या असतील.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. वातुलोआचं एक उतरणं दोन धर. पण पुढचा प्रश्न कोण म्हणालं असा आला असता, आणि मला तुझं नाव त्या हसणाऱ्या खोलीत घ्यावं लागलं असतं. पस्तीस वर्षांनी माझे कान तापले, नारळ हातात असताना. मी म्हटलं, "आता तू मला मोजायला शिकवणार? वहीत असेल ते लिही." आणि फोन ठेवला.

तिने वहीत होतं ते लिहिलं. चारशे सत्तर. सॉफ्टवेअरने तिथून इमानदारीने पुढे मोजलं. पाय मोडला त्या सकाळी पडद्यावर नऊशे पाच होते आणि ओळ पिवळी, घाई नव्हती. माझ्या रेघा चालू असत्या तर बाराशे तीस झाल्या असत्या आणि तपासणी केव्हाच झाली असती, लाल रेघ वर आली असती, गुरुजींचं हाड शाबूत असतं. हे गणित मी बातमी आली त्याच दिवशी, उभ्या उभ्या, भिंतीवर नखाने केलं. आणि मग दोन महिने ब्रिस्बेनच्या पोरांना शिव्या दिल्या.

अकानिसी दर रविवारी येते. केळीच्या पानात मासे घेऊन येते, माझा पंखा दुरुस्त करते, आणि मी तासभर त्या सॉफ्टवेअरला नावं ठेवते ते मान खाली घालून ऐकते. त्या फोनबद्दल तिने एक शब्द काढलेला नाही. मी समजत होते की ती विसरली. या बुधवारी तेविता प्यायला यांगोनाची मुळं घेऊन आला, वाटी फिरली, दोनचार टोमणे झाले, आणि मग तो गंभीर झाला. म्हणाला की पोरीने प्राथमिक चौकशीत सांगितलं, कार्डावरचा आकडा मी माझ्या मनाने बदलला, कुणाला विचारलं नाही. "तू तिला इतकं पाठ करून घेतलंस की आधी विचारावं, मग लिहावं," तो म्हणाला. "तिने विचारलं कसं नाही?"

तिने विचारलं होतं. तेविता खोलीत होता, पण तो हसत होता, त्याच्या लक्षात नाही. तिच्या लक्षात आहे. आपल्या इथे पोरी नेईचं नाव चार माणसांत दोषाला लावत नाहीत. ती तोंड मिटून परवाना देऊन टाकेल. यांगोनाची वाटी माझ्या हातात होती आणि ती मला पिता आली नाही. माझा राग इतके दिवस घर शोधत फिरत होता, त्याला ते मिळालं.

काल शुक्रवारी मी ऑफिसात गेले. माझा फळा काढून टाकलाय. भिंतीवर बारा रकान्यांचा फिका चौकोन उरलाय, आणि खिळ्यांची भोकं. तेविताला बसवलं आणि म्हटलं, वातुलोआचं एक उतरणं दोन धरायचं असेल तर हे यंत्र धरेल का? त्याने शोधलं. आणि दोरसामी, ती जागा आधीपासून होती. प्रत्येक धावपट्टीसमोर एक छोटा चौकोन, तिथलं एक उतरणं किती धरायचं. वातुलोआसमोर एक होता. त्या गोड हसणाऱ्या पोरांनी तोही विचार करून ठेवला होता; मी फक्त सांगायचं होतं. तेविताने एक पुसून दोन लिहिला. मग मी सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त त्याला समजलं असावं, कारण त्याने टोमणा मारला नाही. "किती वर्षं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्याने साठवायचं बटण दाबलं. पण ते साठवलं जाईना. खाली आणखी एक चौकोन लाल झाला होता. दोनचं कारण लिहा, आणि कुणाच्या सांगण्यावरून. ते रिकामं असेल तर यंत्र पुढे जात नाही. तेविता बोटं वर धरून बसला आणि म्हणाला, "बोल, काय लिहू?" आणि मी, जिला शब्द कधी कमी पडले नाहीत, मी म्हटलं, गुरुवारी सांगते.

तर त्यासाठी हे पत्र. गुरुवारी मी समितीसमोर उभी राहणार आहे. फोन आला होता, तो मी कसा ठेवला, आकडा कुणी बदलायला लावला, सगळं सांगणार आहे. अकानिसीला मी आज सकाळीच कळवलं. ती नको नको म्हणाली आणि मी तिला गप्प बस म्हटलं, शेवटचं. माझ्या सदतीस वर्षांच्या नावाचं काय व्हायचं ते होवो. ते विचारतील, दोन का, आणि कोण म्हणालं, आणि ते त्या लाल चौकोनात कायमचं जाईल. नंतर त्या खुर्चीवर जी कुणी बसेल ती ते वाचेल. आजवर ते फक्त माझ्याजवळ होतं. तुझं नाव तिथे मोठ्याने घेण्याआधी ते तुला एकट्याला सांगावं असं वाटलं, कारण तिथे मी कोरडं लिहिणार आहे: विमान या धावपट्टीवर दोनदा उतरतं, वैमानिक दोरसामी यांच्या सांगण्यावरून. आणि खरं कारण त्या चौकोनात मावणार नाही. ते दोन रेघांच्या मधे आहे, मी सोडलेल्या जागेत, जिथे तुझा हात आडवा आला होता आणि अजून आहे.

तुझीच,
लोसेना